लाखेचा तवा

आमच्या घरात आत्याच्या हाती फुटणारी वस्तू कोणी देत नाही. काचेचा पेला, बशी, लोणच्याची बरणी, आरसा, आणि तान्हं मूल. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण नवी सून आठवड्याभरात शिकते. आत्याला चहा स्टीलच्या पेल्यात मिळतो. बारशाला बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला पाळण्याखालून एकीच्या हातून दुसरीच्या हाती देतात, तेव्हा आत्या दाराजवळच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवते. विधवा म्हणून नव्हे. नवरा होता तेव्हाही ती तिथेच बसायची. कोणी आग्रह केलाच तर स्वतःच म्हणते की नको बाई, माझ्या हातून पडते. मग सगळे हसतात. मीही कळत्या वयापासून हसत आलो.

कारण एक तवा. ग्रामोफोनच्या तबकडीला आमच्या बालाघाटात तवाच म्हणायचे, हिंदीवाल्यांचं ऐकून. दुसरी मोठी लढाई चालू होती, आत्या नऊ वर्षांची होती आणि माझे वडील, तिचे थोरले भाऊ, पंधराचे. आजोबा जंगल खात्यात हेडक्लार्क. घरी चावीचा फोनो होता आणि एकाच गायिकेचे पाच तवे होते. लढाईच्या दिवसांत त्या बाईचा आवाज जिथे म्हणून फोनो होता तिथे पोचलेला. तिचं नाव मी लिहीत नाही, माझ्या घरच्या भानगडी तिच्या नावाला कशाला चिकटवू?

तिचा नवा, सहावा तवा आजोबांच्या साहेबाच्या बंगल्यावर आला. आजोबांनी मिनतवारी करून तो दोन दिवसांसाठी घरी आणला, कारण घरी सत्यनारायण होता आणि पाहुण्यांना ऐकवायचा होता. पूजेच्या दुसऱ्या दिवशी तवा नाहीसा झाला. आत्या त्या तव्याभोवती सारखी घोटाळत होती, हे सगळ्यांनी पाहिलेलं. तिला अंगणात उभं करून विचारलं. दुपारभर ती नाही म्हणाली. मग वडील पुढे आले आणि म्हणाले, हिच्या हातून फुटला, हिने तुकडे विहिरीत टाकले, मी पाहिलं. संध्याकाळी तिने हो म्हटलं.

आजोबा साहेबापुढे हात जोडून उभे राहिले. त्याच वर्षी त्यांची बदली बिरसा गावी झाली, थेट जंगलात, आणि घरातल्यांनी तीही तव्याच्या खात्यावर टाकली. ‘हिच्यापायी बिरसा पाहावं लागलं’ हे वाक्य आजी मरेपर्यंत म्हणत होती. फोनो पेटीत गेला, गाणं घरातून गेलं. आत्या पुढे लग्न होऊन राजेगावला गेली, शेतीवाल्या घरात. तिथेही हा किस्सा तिच्या आधी पोचलेला, कारण वडिलांनीच तो लग्नात व्याह्यांना हसत हसत सांगितला होता.

वडील पुढे शाळेत मास्तर झाले, शब्दाचा पक्का माणूस. गावात दोन भावांचं वाजलं की त्यांना बोलावत. ‘मास्तरांनी पाहिलं म्हटलं म्हणजे पाहिलं’ असं लोक म्हणत. सहा वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा अंत्ययात्रेत मी ज्यांना कधी पाहिलं नव्हतं अशी माणसं रडत होती.

मी मुळात भित्रा माणूस आहे. सगळी नोकरी जिल्ह्याच्या दवाखान्यात औषधं देण्यात सरली, तेव्हा प्रत्येक बाटलीचं लेबल तीनदा वाचायची सवय लागली, आणि ती निवृत्तीनंतर गॅसच्या बटणावर आणि दाराच्या कडीवर गेली. बायको म्हणते, तुम्ही स्वतःच्या सावलीलाही पावती मागाल. या दिवाळीनंतर घर माझ्या नावावर करायचं निघालं आणि नगरपालिकेतल्या बाबूने जुना पट्टा, म्हणजे जागेचा कागद, मागितला. तो शोधायला मी वडिलांची लोखंडी पेटी उघडली. या पेटीला वडील हयात असताना कोणी हात लावत नसे.

पट्टा वरच सापडला. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण लेबल तीनदा वाचणारा माणूस पेटी अर्धी कशी सोडणार? खाली फोनो होता, सुयांची डबी होती, कागदी पाकिटांत पाच तवे होते. आणि अगदी तळाशी वडिलांच्या शाळकरी कोटात गुंडाळलेला सहावा. त्याला पाकीट नव्हतं. मधल्या कागदावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का होता, साहेबाच्या बंगल्याचा. तवा अखंड होता. एक कपचाही उडालेला नव्हता.

मी तो परत कोटात गुंडाळला आणि पेटी बंद केली. मग पुन्हा उघडून पाहिला. बायकोने विचारलं, काय झालं, चेहरा काहून उतरला? मी तिला शिक्का दाखवला. आत्याचा किस्सा तिलाही पाठ. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. वडिलांनी तो का लपवला, हे मला कधीच कळणार नाही. मोह झाला असेल, पंधराव्या वर्षी आवाजाचाही मोह होतो. मग बहिणीला अंगणात उभी केलेली पाहून भीती वाटली असेल, एक वाक्य तोंडून निघालं असेल, आणि त्यानंतर ते मागे घेण्याची वेळ रोज थोडी थोडी निघून गेली असेल. हे मी त्यांच्या बाजूने बोलतो आहे, हे मला कळतं. पण लग्नात हसत हसत सांगायची काय गरज होती? तिथे माझी वकिली थांबायची.

एक गोष्ट तेव्हाच लख्ख आठवली. लहानपणी रेडिओवर ती गायिका लागली की वडील उठून बटण फिरवायचे. आवाज नाकातला आहे म्हणायचे. आम्हा भावंडांना वाटायचं, यांना ती आवडत नाही.

म्हणून मी ते पाच तवे लावून पाहिले. फोनोची चावी फिरत होती, हे नवलच. सुया गंजलेल्या, त्यातल्या चारपाच धड निघाल्या. कोरड्या मऊ कपड्याने तवे पुसले आणि भर दुपारी, बायको शेजारी बसलेली असताना, पहिला लावला. आधी नुसती खरखर, कढईत दाणे भाजल्यासारखी. मग बाई गायला लागली. आवाज आजच्या गाण्यांसारखा पातळ, गुळगुळीत नाही. भरदार, थोडा जाड, आणि शब्द असे तोडून म्हणते की समोर बसून कोणी बजावतं आहे असं वाटतं. विरहाचंच गाणं, पण त्यात कुठे रडगाणं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा आवाज या घरात ऐंशी वर्षं बंद राहिला, आणि ज्या पोरीला तो सगळ्यांत जास्त हवा होता तिला त्याच्यासाठी शिक्षा झाली. पाचही तवे आम्ही त्या दुपारी ऐकले.

सहावा लावायचं धाडस झालं नाही. कोटाच्या कापडाची ओल धरून त्याच्यावर पांढरी बुरशी आली होती आणि ती कोरड्या कपड्याने निघत नव्हती. मी इंदूरच्या मुलीला फोन करून मधल्या कागदावरचे शब्द वाचून दाखवले, मोबाइलवर सापडतं का बघ म्हणालो. तिने दोन दिवस शोधलं. त्या बाईची बाकी पुष्कळ गाणी निघाली, हे नाही. ‘पापा, ये वाला कहीं नहीं है,’ ती म्हणाली, ‘संभाल के रखना.’

सांभाळून ठेव. म्हणजे आता माझ्या घरात एक अशी वस्तू होती जी फुटली तर जगातून जाईल, आणि जी दाखवली तर माझा बाप जाईल. मी पेटीला दोन कुलपं लावली.

तेवढ्यात राजेगावहून फोन आला. आत्याच्या नातवाला मुलगा झाला होता, बारसं ठरलं, या म्हणाले. आत्या स्वतः फोनवर आली. नव्वदीला टेकलेली, पण आवाज खणखणीत. ‘येजो रे बाबू,’ म्हणाली. ‘मी खुर्चीतच बसन, पण तू ये.’ मला वाटलं, आता सांगितलं नाही तर कधी? पुढचं बारसं ती पाहणार आहे का? तिला एकदा तरी ते पोर निर्धास्त हातात घेता यावं, यासाठी माझ्याजवळ फक्त हा तवा होता. बारशाला आठ दिवस होते. सात दिवस मी उद्या सांगतो, उद्या सांगतो म्हणत काढले.

आठव्या दिवशी सकाळी, म्हणजे बारशाच्या आदल्या दिवशी, मी ठरवलं की नेतो, पण साफ करून नेतो. गाणं वाजलं पाहिजे. तिने ऐकलं पाहिजे. मी पेटीतून तवा काढला, पाटावर ठेवला, कपाटातून कापूस आणि स्पिरिटची बाटली घेतली. उभी नोकरी मी काहीही साफ केलं ते स्पिरिटने. जखमेला चिकटलेली पट्टी सोडवतात तसे ओले बोळे बुरशीवर ठेवले आणि पाच मिनिटं थांबलो. मग पुसायला लागलो.

कापूस काळा आला. मला वाटलं, मळ. दुसरा बोळा घेतला, तोही काळा. मी आणखी जोर लावला. हातासरशी मधला कागदही पुसला. तिसऱ्या बोळ्याला वास आला आणि माझे हात थांबले. घराची दारं झाली तेव्हा सुतार अंगणात बाटलीत चपडा भिजवून ठेवायचा, पॉलिशसाठी, त्याचा वास. चपडा म्हणजे लाख. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आमच्या भागातल्या पोराला हे सांगावं लागत नाही. पळसाच्या, कुसुमाच्या फांद्यांवरची लाख खरवडून गोंदियाच्या कारखान्यात जाताना पाहतच आम्ही मोठे झालो. आणि तवा लाखेचा असतो, हे तर मला घरातच शिकवलेलं. आजोबा म्हणायचे, आपल्या जंगलातली लाख जहाजात बसून जाते आणि गाणं होऊन परत येते. हे वाक्य मी माझ्या मुलीला शंभरदा ऐकवलं असेल.

मी तवा उजेडाला धरला. बारीक रेघा होत्या तिथे गुळगुळीत, चिकट चट्टे पडले होते. फोनोवर लावून पाहिला. सुई घसरत काठापासून मध्यापर्यंत गेली. कुठेतरी मध्येच त्या बाईचा अर्धा शब्द लागला आणि गेला. दुसरी बाजू पाटावरच्या ओघळांनी तशीच झालेली. शिक्क्याच्या जागी जांभळा डाग होता, कोणाचाही असू शकेल असा.

बायको दारात उभी होती. ती किती वेळ उभी होती, मला माहीत नाही. तिने पाटाकडे पाहिलं, कापसाकडे पाहिलं.

‘तुमाले माहीत नव्हतं का?’ तिने विचारलं.

मी म्हणालो की घाईत लक्षात आलं नाही. ते खरंच होतं. आणि तरीही मी आजवर स्वतःला विचारतो की बुरशी कडेला होती, मग मधला कागद काहून पुसला? ज्या माणसाने लेबल तीनदा वाचल्याशिवाय बाटली उघडली नाही, त्याने एकदाही विचार केला नाही? बोळा फिरवताना माझ्या मनात काय चाललं होतं, ते मी कितीही आठवलं तरी सापडत नाही. एवढं मात्र आठवतं की शिक्का गेल्याचं पाहिलं, तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं होतं. त्या वाटण्याची मला आजही लाज वाटते.

मी बायकोला म्हणालो, आता दाखवायला काही उरलं नाही. शिक्का नाही, गाणं नाही. कशाच्या जोरावर म्हाताऱ्या माणसाचं मन ढवळायचं? वडिलांना बोलायला तोंड नाही आणि आत्याला आता त्या गोष्टीची सवय झाली आहे. मी बरंच बोललो. दवाखान्यात मोठ्या साहेबांपुढे कधी इतकं सफाईने बोललो नव्हतो. ती कापूस गोळा करत होती.

‘शिक्का गेला त गेला,’ ती म्हणाली. ‘तुमी त हाव ना.’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोंदियाच्या बसने आम्ही राजेगावला निघालो. तवा टॉवेलात गुंडाळून मांडीवर. आता त्याला फुटायचं काही राहिलं नव्हतं, तरी प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनी तो धरत होतो. वाटेत मी वाक्यं जुळवली. ती रडेल, तर काय म्हणायचं. वडिलांना शिव्या देईल, तर ऐकून घ्यायच्या. माझ्यावर चिडेल की गाणंही राहू दिलं नाहीस, तर पाय धरायचे. आणि माफ करेल, अशी एक चोरटी आशाही होती. प्रत्येक गोष्टीची तयारी करून ठेवणं हाच माझा आजार.

अंगणात मांडव होता, आतल्या खोलीत पाळणा सजवत होते. आत्या मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी बायकोला आत पाठवलं, आत्याजवळ बसलो आणि टॉवेल सोडला. जुळवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. तवा वडिलांच्या पेटीत होता, अख्खा होता, त्यांच्या कोटात गुंडाळलेला होता, तू फोडला नव्हता, आणि याची ही दशा मी केली, एवढं मी एका दमात सांगितलं. शिक्का नाही, म्हणून माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल, हेही सांगितलं.

तिने सूप बाजूला ठेवलं. तवा हातात घेतला नाही, माझ्या मांडीवरच त्याच्यावर बोट फिरवलं.

‘हा तोच?’

‘हौ.’

‘दादाजवळ होता?’

‘हौ, आत्या.’

ती रडली नाही, चिडलीही नाही. कपाळाला आठ्या घालून विहिरीच्या दिशेने पाहत राहिली. ही विहीर तिच्या सासरची होती, पण ती जणू माहेरची विहीर पाहत होती.

‘पण मले त फुटल्याचा आवाज याद हाय,’ ती म्हणाली. ‘उंबऱ्यावर पडला, खाडकन. तीन तुकडे झाले. मी परकराच्या वट्यात घेऊन गेलती विहिरीवर. दोन टाकले, एक काठावर पडला, तो मी पायानं लोटला. पायाले लागला बी.’ तिने पाय पुढे करून अंगठा पाहिला. ‘मंग मी काय लोटलं रे?’

मी म्हणालो की लहान होतीस, सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलं, वडिलांनी पाहिलं म्हटलं, म्हणून तुला तसं वाटत गेलं असेल. ती मान हलवत ऐकत होती, पण ते तिला पटत नव्हतं, आणि पटावं असं मलाही वाटेना. मी तिच्यावरचा आळ काढायला आलो होतो. तिच्या बालपणातला सगळ्यांत पक्का दिवस मी तिच्या हातून काढून घेतला. तव्याची तयारी, शिव्यांची तयारी, सगळी तयारी केली होती मी, एवढी एक सोडून. भीतीने मला पुन्हा एकदा चुकीच्या दारावर राखण करायला बसवलं होतं.

आतून बायकांनी हाक मारली, पाळण्याची वेळ झाली, आजीला आणा म्हणून. माझी बायको दारात आली आणि माझ्याकडे पाहून तिथेच थांबली. मी आत्याला हात दिला, म्हणालो, चल, आज तू घे पोराला. ती उठली नाही. माझा हात मात्र तिने घट्ट धरून ठेवला.

‘आयुष्यभर मले हेच एक पक्कं याद हाय,’ ती म्हणाली. ‘थेच जर नाही झालं, त बाकीचं याद हाय थे खरं का, कोन सांगन? आनखी काय काय नसन केलं मी?’